कॅम्प : आमच्या पत्त्यातला एक शब्द

उल्हासनगरच्या एका विहारात रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आम्ही मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. मुले बहुतेक कामगारांची, घरकाम करणाऱ्या आयाबायांची. त्या दिवशी अर्ज कसा लिहावा हे शिकवत होतो. 'प्रति' झाले, 'विषय' झाला, शेवटी अर्जदाराचा पत्ता लिहायची वेळ आली. बदलापूरहून मामाकडे शिकायला आलेली आठवीतली एक मुलगी पेन थांबवून म्हणाली, "वकीलकाका, सगळे कॅम्प नंबर चार लिहितात. कॅम्प तर दोन-तीन दिवसांचा असतो ना? आमच्या शाळेचा स्काऊटचा कॅम्प तीन दिवसांत संपला. मग हा कॅम्प कधी संपणार?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. वीस वर्षे कोर्टात वकीलपत्रावर, प्रतिज्ञापत्रावर, जामिनाच्या कागदावर हा शब्द आम्ही हजारदा लिहिला असेल. 'राहणार कॅम्प नंबर अमुक, सेक्शन तमुक.' शब्द लिहिला, पण त्याच्याकडे कधी पाहिले नाही. बाबासाहेबांनी आयुष्यभर शब्दाच्या मुळाशी जाण्याची सवय लावून घेतली होती. 'शूद्र' म्हणजे कोण, 'अस्पृश्य' म्हणजे कोण, हे शब्द कुठून आले, यावर त्यांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. त्यांच्या अनुयायांनी स्वतःच्या पत्त्यातला एक शब्द तरी तपासायला नको काय? म्हणून आम्ही शब्दकोश उघडले.

सोपे उत्तर आधी देऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ इंग्रज सरकारने लष्करासाठी मोठा तळ उभारला. त्याला 'कल्याण ट्रान्झिट कॅम्प' म्हणत. शेकडो बराकी बांधल्या गेल्या. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांना या बराकींत आणून ठेवले. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. १९९६ साली महानगरपालिका आली. पण रिक्षावाल्याला विचारा, तो 'उल्हासनगर तीन' क्वचितच म्हणेल, 'कॅम्प तीन' म्हणेल. युद्ध संपून ऐंशी वर्षे झाली तरी कॅम्प उठलेला नाही.

मैदानाचा शब्द

आता शब्दाचे मूळ पाहू. युरोपातील बहुतेक भाषांत हा शब्द लॅटिन भाषेतून आला. लॅटिनमध्ये 'काम्पुस' म्हणजे सपाट, मोकळे मैदान. यात तंबू नाही, सैनिक नाही, निर्वासित नाही. फक्त मोकळी जमीन. रोम शहराबाहेर 'काम्पुस मार्तियुस' नावाचे एक प्रसिद्ध मैदान होते. तिथे दोन कामे चालत. तरुणांची लष्करी कवायत, आणि नागरिकांचे मतदान. सत्ताधाऱ्यांची निवड त्या मैदानावर होत असे. मतदान संपत्तीच्या वर्गवारीने होई. श्रीमंतांचे गट आधी मत देत आणि बहुमत तिथेच झाले तर मतदान थांबे. गरिबाची पाळी पुष्कळदा येतच नसे. मैदान सर्वांचे, रांग मात्र ठरलेली! रोमच्या पॅट्रिशियन आणि प्लेबियन या वर्गांचा संघर्ष बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'च्या ग्रंथात मुद्दाम सांगितला आहे, तो उगाच नव्हे.

गंमत अशी की, रोमन माणूस लष्करी तळाला 'काम्पुस' म्हणतच नव्हता. त्याचा शब्द होता 'कास्त्रा'. इंग्लंडमध्ये जिथे जिथे रोमन सैन्याने तळ ठोकले, तिथल्या गावांच्या नावांत हा शब्द अजून आहे. मँचेस्टर, लँकेस्टर, वूस्टर. ही गावेदेखील एकेकाळी उल्हासनगरासारखी 'कॅम्प'च होती. फरक इतकाच, की त्यांना कोणी आज कॅम्प म्हणत नाही.

लॅटिनची लेकरे पाहा. इटालियन भाषेत 'काम्पो' म्हणजे शेत, मैदान. व्हेनिस शहरात तर चौकाला 'काम्पो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'काम्पो' म्हणजे शेतशिवार, खेडे, आणि त्यावरून शेतात राबणारा गरीब माणूस 'काम्पेसिनो'. पोर्तुगीज भाषेतही तोच 'काम्पो'. आपल्या शेजारी गोव्यात, पणजीत, मांडवीच्या काठी 'कांपाल' नावाचा भाग आहे. त्या नावातही हेच मैदान आहे. फ्रेंच भाषेत याच एका शब्दाचे दोन भाऊ झाले. 'शां' म्हणजे शेत आणि 'कां' म्हणजे लष्करी तळ. पॅरिसमध्ये आयफेल टॉवर ज्या मैदानावर उभा आहे, त्याचे नाव 'शां द मार्स', म्हणजे रोमच्या त्या मतदानाच्या मैदानाचेच भाषांतर. सैन्य मैदानात उतरते, म्हणून मैदानाचा अर्थ तळ झाला. फ्रेंचांकडून तो सोळाव्या शतकात इंग्रजीत गेला आणि इंग्रजांबरोबर जहाजात बसून आमच्याकडे आला.

इंग्रजीत या घराण्याचे आणखी तीन शब्द आपण रोज वापरतो. सैन्य तळ सोडून मैदानात निघाले की ती 'कॅम्पेन', म्हणजे मोहीम. विद्यापीठाचे आवार म्हणजे 'कॅम्पस'. आणि मैदानात उतरून लढणारा तो 'चॅम्पियन'. या शेवटच्या शब्दाने आम्हा वकिलांचे कान टवकारावेत. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात जमिनीच्या हक्काचा दावा द्वंद्वयुद्धाने निकालात काढण्याची सोय होती. पक्षकार स्वतः लढत नसत. त्यांच्या वतीने 'चॅम्पियन' लढत. ज्याचा चॅम्पियन जिंकेल त्याची जमीन. १८१९ साली तो कायदा रद्द झाला. म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीसाठी मैदानात उतरणारे हे लोक एका अर्थाने आमच्या धंद्याचे पूर्वजच म्हणायचे. आणि ज्याला चॅम्पियन परवडत नसे, त्याचे काय होत असेल, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुठल्याही गरीब माणसाला सांगायला नको.

जर्मन माणसाची गोष्ट वेगळी. त्याने हा शब्द लॅटिनमधून फार जुन्या काळी उचलला, पण मैदान सोडले आणि मैदानावरची लढाई तेवढी ठेवली. जर्मनमध्ये 'काम्फ' म्हणजे लढा, संघर्ष. हिटलरच्या कुप्रसिद्ध पुस्तकाच्या नावात हाच शब्द आहे. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन भाषांतही 'काम्प' म्हणजे झुंज, सामना. अंबरनाथची विम्को ही काड्यापेटीची कंपनी मुळात स्वीडिश मालकांनी १९२३ साली काढली. त्या मालकांच्या भाषेत 'काम्प' म्हणजे लढा. त्याच अंबरनाथच्या शेजारी इंग्रजांच्या भाषेत 'कॅम्प' म्हणजे तळ. आमच्या कामगारांच्या वाट्याला मात्र दोन्ही अर्थ एकदमच आले.

मग जर्मन माणूस कॅम्पला काय म्हणतो? 'लागर'. म्हणजे पडण्याची, साठवण्याची जागा. रशियनांनी तो शब्द घेतला. स्टालिनच्या काळातील श्रमछावण्यांच्या 'गुलाग' या आद्याक्षरी नावातले शेवटचे 'लाग' म्हणजे हेच 'लागर'. आणि इथून या शब्दाचा काळा अध्याय सुरू होतो. १८९६-९७ साली क्युबात स्पॅनिश सेनापती वेलर याने खेड्यातील लोकांना उठवून तारेच्या आत कोंबले. १९०० ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांनी बोअर बायका-मुलांसाठी 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' उघडले. त्यांत २६ हजारांवर माणसे मेली, बहुतेक मुले. तिथे काळ्या लोकांसाठी कॅम्प वेगळे होते. त्यांतही किमान १४ हजार मेले, पण त्यांची नोंद धड ठेवली गेली नाही. छळछावणीतसुद्धा वस्ती वेगळी आणि मरणाचा हिशेबही वेगळा! १९३३ साली डाखाऊ येथे नाझींनी छावणी उघडली. पुढचे जगाला ठाऊक आहे.

मोकळ्या मैदानापासून काटेरी तारेपर्यंत एका शब्दाचा प्रवास हा असा झाला.

आमच्या घरातला कॅम्प

हा शब्द आमच्या समाजाला उल्हासनगरात पहिल्यांदा भेटला असे मात्र नाही. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. महू म्हणजे लष्करी छावणी. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार. निवृत्तीनंतर हे कुटुंब आले दापोलीला, आणि दापोलीचे जुने नाव 'कॅम्प दापोली'. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच दापोलीतून लिहीत होते. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा १८९४ साली त्यांनी सरकारकडे दाद मागण्यासाठी अर्ज तयार केला. बाबासाहेबांच्या आधीच्या पिढीत लिहिणारी, वाचणारी, अर्ज करणारी माणसे या छावण्यांतून निघाली, हा योगायोग नव्हे. गावात आमची जागा गावकुसाबाहेर ठरलेली. छावणीत निदान रांग होती, हजेरीपट होता, सैनिकांच्या मुलांना शाळा होती. छावणी समतेची होती असे आम्ही म्हणत नाही. पण गावापेक्षा ती बरी होती, हे गावाबद्दल काय सांगते याचा विचार वाचकांनीच करावा.

त्याच बाबासाहेबांना १९४७ साली कॅम्प या शब्दाची दुसरी बाजू पाहावी लागली. फाळणीत लाखो माणसे इकडून तिकडे झाली. त्यांत दलितही होते. पण पाकिस्तान सरकार दलितांना सहजासहजी निघू देईना, कारण ते गेले तर मैला कोण उचलणार? हलकी कामे कोण करणार? आणि जे कसेबसे इकडे पोचले त्यांचे काय? १८ डिसेंबर १९४७ रोजी कायदेमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. त्यातली तक्रार अंगावर काटा आणणारी आहे. पूर्व पंजाबातील निर्वासितांच्या सरकारी छावण्यांत दलित निर्वासित राहत नाहीत, कारण छावण्यांचे अधिकारी सवर्ण आणि दलित असा भेदभाव करतात. आणि पुनर्वसन खात्याचा नियम असा, की रेशन, कपडे, मदत फक्त छावणीत राहणाऱ्यालाच मिळेल. म्हणजे आत राहिले तर अपमान, बाहेर राहिले तर उपास. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, सगळेच बेघर झाले होते, तरी बेघरांच्या रांगेतही गावकूस उभे राहिले!

हे पत्र आम्ही अनेकदा वाचले होते. त्याचा अर्थ कळला तो २६ जुलै २००५ च्या महापुरात. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या अंगावर आल्या. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, सगळीकडे पाणी. आमची वकिलीची सनद तेव्हा नवी होती. नाल्याकाठच्या वस्तीतली कुटुंबे रातोरात विहारात येऊन राहिली, कारण विहार जवळ होते आणि उंचावर होते. तीन दिवसांनी मदतीची यादी घेऊन माणसे आली, पण एका शाळेत. शाळेत जे होते त्यांची नावे लिहिली गेली. विहारातल्या बायका चिखल तुडवत तिथे गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आले, "तुम्ही कॅम्पात नव्हता." एका आजीने भिजलेला रेशनकार्डाचा लगदा हातावर ठेवून दाखवला. तो कागद आहे हेही ओळखू येत नव्हते. आम्ही विहारात बसून हाताने यादी केली, अर्ज लिहिले, खेटे घातले. काहींना मदत मिळाली, काहींना मिळाली नाही. त्या रात्री १९४७ चे ते पत्र पुन्हा काढून वाचले. अठ्ठावन्न वर्षांनी शब्द तोच होता आणि आम्हीही त्याच्या बाहेरच होतो.

बराक आणि झोपडी

इथे कायद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९५४ साली विस्थापित व्यक्तींना भरपाई आणि पुनर्वसन देणारा केंद्रीय कायदा झाला. त्यात विस्थापित कोण याची व्याख्या आहे. फाळणीमुळे, दंगलीमुळे किंवा दंगलीच्या भीतीने १ मार्च १९४७ नंतर पश्चिम पाकिस्तानातून निघालेला माणूस. त्या कायद्याखाली उल्हासनगरच्या पुष्कळ रहिवाशांना बराकींच्या, भूखंडांच्या सनदा मिळाल्या. ते योग्यच झाले. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना जमीन मिळाली पाहिजे. त्यांनी भीक मागितली नाही, हातगाडीपासून कारखान्यापर्यंत मजल मारली. 'आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी' असे ते अभिमानाने म्हणत, आणि ते खरेही होते. सिंधी बांधवांबद्दल आमच्या मनात असूया नाही.

पण त्या कारखान्यांत राबायला कोण आले? मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली भूमिहीन माणसे आली. १९७२ च्या दुष्काळाने तर गावेच्या गावे उठवली. शहाडच्या, अंबरनाथच्या कारखान्यांत, उल्हासनगरच्या गल्लोगल्लीच्या वर्कशॉपमध्ये ती लागली. राहायला टेकडी मिळाली, नाल्याचा काठ मिळाला, रेल्वेची हद्द मिळाली. हीही माणसे घर सोडूनच आली होती. दुष्काळाने, पाटलाच्या भीतीने, बहिष्काराने. पण कायद्याच्या लेखी ती विस्थापित नव्हेत. का? कारण त्यांच्या विस्थापनाला तारीख नाही. सिंधी बांधवांच्या दुःखाला १ मार्च १९४७ ही तारीख आहे. आमच्या दुःखाची तारीख कोणत्या महिन्यातली लिहायची? कायद्याला तारीख लागते. दोन हजार वर्षे ही तारीख होत नाही.

शब्दकोशाने इथे आम्हाला आणखी एक चपराक दिली. 'बराक' हा शब्दही युरोपातला. इटालियन 'बाराक्का', स्पॅनिश 'बार्राका', फ्रेंच 'बाराक'. अर्थ काय? झोपडी! कच्चे खोपटे! म्हणजे उल्हासनगरात ज्याच्याकडे 'बराक' आहे त्याच्याकडे सनद आहे आणि ज्याच्याकडे 'झोपडी' आहे तो अनधिकृत आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ मुळात एकच. फरक भिंतीत नव्हता, कागदात होता.

पुढे शहरभर बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, तेव्हा २००६ साली खास उल्हासनगरपुरता, अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा राज्य सरकारने केला. एका शहरासाठी स्वतंत्र कायदा! इच्छा असली की कायदा होतो, हे यातून सिद्ध झाले. त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळली ही गोष्ट निराळी. टेकडीवरच्या आणि नाल्याकाठच्या माणसाने यातून एवढे शिकावे, की सरकारला आपली अडचण कायद्याच्या भाषेत ऐकवावी लागते.

मैदान कोणाचे?

आता त्या मुलीकडे परत येऊ. पुढच्या रविवारी आम्ही वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'कॅम्प म्हणजे मोकळे मैदान.' मग विचारले, आपल्या चळवळीची सुरुवात कुठे झाली? मुले ओरडली, महाडला! डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरवायची तर सवर्ण हिंदूंपैकी कोणी जागा देईना. सार्वजनिक तळे आमचे नव्हते, तसे मैदानही आमचे नव्हते. तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली आणि तिथे मांडव पडला. त्या मांडवात मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव झाला. मैदान मिळाले, म्हणून मोहीम झाली. 'काम्पुस'वरून 'कॅम्पेन' शब्द तयार व्हायला युरोपाला शतके लागली. आमच्या माणसांनी तो अर्थ महाडला दोन दिवसांत जगून दाखवला.

आणि विद्यापीठाचा 'कॅम्पस' म्हणाल, तर त्या आवाराला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून मराठवाड्यात १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे किती घरे जळाली, किती माणसे गेली, हे नव्या पिढीला सांगितलेच पाहिजे. शब्द तोच. मैदान तेच. प्रश्नही तोच. आत कोण आणि बाहेर कोण?

त्या मुलीला तिच्या गावाचेही सांगितले. बदलापूर हे नाव वाटेवर घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले असे लोक सांगतात. त्याच बदलापुरात मे १९२७ मध्ये, महाडच्या पहिल्या संगरानंतर दीडच महिन्याने, शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब आले होते. ज्या माणसाने तळ्याचे पाणी प्यायले म्हणून देशभर गदारोळ झाला, त्यालाच बदलापूरकरांनी अध्यक्षस्थानी बसवले. बदल होतो. पण तो आपोआप होत नाही.

म्हणून वाचक बांधव-भगिनींना एक वकील म्हणून सांगणे आहे. घरातले कागद जपा. जुनी वीजबिले, मतदारयादीतले नाव, कराच्या पावत्या, मुलांच्या शाळेचे दाखले, सगळ्यांच्या प्रती काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत, उंच फळीवर ठेवा. त्या आजीच्या हातावरचा लगदा आम्ही विसरलेलो नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. त्याच निकालाने नोटीस देऊन, ऐकून घेऊन घर हटवण्याची वाटही मोकळी ठेवली, हेही विसरू नका. ऐकून घेण्याची वेळ येईल तेव्हा आपल्या हातात कागद पाहिजे आणि तोंडात शब्द पाहिजे.

त्या मुलीने मग पत्ता पूर्ण केला. 'कॅम्प नंबर चार' असेच लिहिले. मात्र वर्ग सुटताना विचारून गेली, "काका, कॅम्प म्हणजे मैदान, तर मग आपल्याला खेळायला मैदान का नाही?" त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. वस्तीत मैदान मिळावे म्हणून तिनेच अर्ज लिहायला घेतला आहे. प्रति, विषय, आणि खाली अर्जदाराचा पत्ता.

जयभीम!